विटांसकट माप

ते फाटक तारेनं मीच बांधलं होतं. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी ज्यांच्याशी भांडले त्यांचा वाचणाऱ्याला उगाच राग यायला नको, आणि माझं उगाच कौतुकही नको.

देवळाली प्रवरेत गावाबाहेर, उसाच्या रानांना लागून, एका मंगल कार्यालयाचं बांधकाम चाललं होतं. खाली जेवणाचा हॉल, वर लग्नाचा हॉल, त्याच्यावर वऱ्हाडाच्या खोल्या. त्या कामावर आम्ही नऊ बाया बिगारी होतो. वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेली आणि विटा वाहायच्या, स्लॅबवर पाणी मारायचं, असं आमचं काम. नऊ जणींत मी सगळ्यांत म्हातारी. वय आधार कार्डावर आहे, पण तेही कुणीतरी अंदाजानंच टाकलेलं. साठी ओलांडली एवढं धरून चला.

माझं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. तिथं चौथीपर्यंत शाळा होती, तेवढी शिकले. लग्न होऊन राहुरीकडे आले आणि आल्यापासून बांधकामावरच आहे. नवरा गवंडी होता. विटेची ओळ त्याची कधी वाकडी गेली नाही, बाकी बरंच वाकडं गेलं. तो गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हाही कामावर होते, आताही आहे.

आमच्या वेळी परांची बांबूची असायची. बांबू, सुतळी आणि फळ्या. त्या फळ्यांवरून डोक्यावर ओझं घेऊन वर जायचं. कठडा नसायचा. फळी लवायची, तिच्या लवण्याबरोबर आपण पाऊल टाकायचं. ज्या बाईला हे जमलं ती टिकली. मला जमलं. इतकी वर्षं माझा पाय कधी घसरला नाही, त्यामुळे कठडा म्हणजे मला अडगळच वाटायची. चुकीचं मूळ तिथंच होतं.

या कामावर परांची लोखंडी पाइपांची होती. ती ठेकेदाराच्या हौसेनं आली नव्हती. मंगल कार्यालयाच्या मालकानं नगरहून एक इंजिनिअर नेमला होता, शर्ट खोचून येणारा, हळू बोलणारा. त्यानं हट्टानं ती आणवली. परांचीला लागून, पहिल्या मजल्याच्या स्लॅबच्या उंचीवर, त्यानं माल उतरवायला एक वेगळा मोठा ओटा बांधून घेतला. आम्ही त्याला माची म्हणू लागलो. हायड्रा क्रेन खालून विटांनी भरलेला पिंजरा उचलायची आणि माचीवर टेकवायची. तिथून आम्ही विटा डोक्यावर घेऊन स्लॅबवर जायचं, गवंड्याच्या हाताशी द्यायच्या. ओझं घेऊन जिना चढणं संपलं. माझ्या गुडघ्यांना तो इंजिनिअर पहिल्या दिवसापासून आवडला.

माचीला दोन फाटकं होती. एक बाहेरच्या बाजूला, जिकडून पिंजरा यायचा. दुसरं स्लॅबच्या बाजूला, जिकडून आम्ही जा-ये करायचो. दोन्ही एकाच साखळीला टांगलेली, वर कप्पी. एक खाली आलं की दुसरं वर जायचं. पिंजरा येताना बाहेरचं फाटक वर, तेव्हा आमच्या बाजूचं खाली. बाईला माचीवर पाऊलच टाकता यायचं नाही. पिंजरा टेकला, हायड्रा मागं सरली की साखळी ओढायची. बाहेरचं खाली बसायचं, आमच्या बाजूचं वर जायचं, मग आम्ही माचीवर. बाई माचीवर आहे आणि तिच्यामागं कडा उघडी आहे, असं कधी होऊच नये म्हणून ही सोय होती. शेजारी बोर्ड होता. फाटक बंद ठेवा, एका वेळी एकच पिंजरा, माचीखाली थांबू नका. बोर्ड मराठीत होता, अक्षर मोठं होतं. मी तो वाचला होता. वाचला नाही म्हणायला मला जागा नाही.

घोटाळा कुठं झाला तर तो उंचीत. पुरुष माणूस विटा हातगाडीवर नेतो नाही तर खांद्यावर. बाई डोक्यावर नेते. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर फळी, फळीवर दोन-दोनचे पाच थर, अशा दहा विटा. डोक्यावर दीड फुटाची भिंतच उभी असते. आणि आमच्या बाजूचं फाटक पुरतं वर गेलं तरी त्याची खालची पट्टी राहायची साडेपाच फुटांवर. रिकामं माणूस सहज जाईल. भरलेली बाई अडकते. गुडघ्यात वाकून जावं तर विटा तोंडावर येतात. चार-चार विटा न्याव्यात तर खेपा वाढतात आणि गवंडी वरून ओरडतो, "ए म्हातारे, इटा आनतीस का दात कोरीत बसलीस?"

दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी मी सळया बांधायची तार घेतली. बिगारी बाया जोडीनं काम करतात, कारण दहा विटा स्वतःच्या डोक्यावर स्वतःला चढवता येत नाहीत. एक भरते, दुसरी उचलते. माझी जोडीदारीण माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहायची. पस्तिशीची, दहावी नापास, दोन पोरी शाळेत. नात्याची नाही, पण मला आत्या म्हणायची. तिनं खालून खांदा दिला, मी साखळीचा आकडा सोडला आणि आमच्या बाजूचं फाटक पार वर नेऊन तारेनं बांधलं. साखळी सुटल्यावर बाहेरचं फाटक दर वेळी हातानं उचलायची पाळी आली. ते जड. हायड्रावाला खाली थांबून आईबहिणीवर येऊ लागला. मग तेही वर नेऊन बांधलं. एक तार आमच्या डोक्यांसाठी, दुसरी त्याच्या तोंडासाठी.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअरनं ते पाहिलं. "हे काय केलंय?"

मुकादम म्हणाला, "बाया हायेत साहेब. त्यांची खोड. उद्या सोडायला लावतो."

"उद्या नक्की," असं म्हणून इंजिनिअर त्याच्या दुसऱ्या साइटवर गेला. तो उद्या तीन आठवडे आलाच नाही. मुकादम रोज त्या तारांकडं बघत बिडी ओढायचा. ठेकेदार रोज माचीखालून जायचा. मला तर कामाला वेग आला याचा आनंदच होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारनंतर हायड्राला दुसऱ्या कामावर जायचं होतं. हायड्रावाला म्हणाला, "आत्ताच दोन पिंजरे ठिवतो, मग मला बोलवू नका." मुकादमानं मान हलवली. मी वरून म्हटलं, "ठेव." हेही मीच म्हटलं. माचीवर एकाऐवजी दोन पिंजरे बसले. दोन पिंजरे आणि दोन बाया एवढी जागा तिथं नव्हती. एक पिंजरा पार बाहेरच्या कडेजवळ गेला, त्याच्या आणि कडेच्या मध्ये उभं राहायला हातभर पट्टा उरला. आमच्या बाजूच्या विटा आधी संपल्या. मग जोडीदारीण त्या पट्ट्यात गेली आणि पिंजऱ्यातून विटा ओढून फळीवर भरू लागली. पाठ उघड्या कडेकडं.

मी विटा गवंड्याला देऊन परत फिरले तर माचीवर कुणी नव्हतं. आवाज ऐकू आला नाही. झाला असेल, पण मिक्सर चालू होता.

खाली वाळूचा ढीग होता म्हणून ती वाचली. पंधरा फूट असेल. मी जिन्यावरून उतरून पोचले तेव्हा ती शुद्धीवर होती. उजवा पाय मांडीत नको तिकडं वळला होता. माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, मुकादमाला सांग, इटा फुटल्या न्हाईत." मग ओरडायला लागली.

ठेकेदाराच्या पिकअपमधून तिला नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. आम्ही आठ जणी तशाच उभ्या राहिलो. कुणीतरी मिक्सर बंद केला. तेवढ्यात मला वर खडखड ऐकू आली. मान वर करून पाहिलं तर मुकादम पक्कड घेऊन माझ्या तारा तोडत होता. दोन्ही फाटकं त्यानं साखळीला परत अडकवली, बाहेरचं खाली बसवलं आणि तारांचे तुकडे खिशात घातले.

संध्याकाळी ठेकेदार नगरहून परत आला. सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, "सायटीला नजर लागलीया. उद्या रविवार हाय, आजच कोंबडं कापू." आमच्याकडं हे चालतं. कुणी पडलं, हात तुटला, स्लॅब गळाला, की कोंबडं कापायचं, रक्त इमारतीच्या पायावर शिंपडायचं, रस्सा सगळ्यांनी खायचा, म्हणजे जागा शांत होते. रस्सा नेहमी मीच करते. त्या दिवशीही मीच केला.

चूल पेटवताना ठेकेदाराचं बोलणं ऐकत होते. तो मुकादमाला म्हणत होता, पण आम्हाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "फाटक बंद हुतं. माझ्या डोळ्यांनी बघितलं आत्ता. बाईनंच उघडलं आसंल. बायांचं डोकं वर चालत न्हाई, चक्कर येती. सोमवारपासून वर बाया नकोत. वर गडी ठिवू."

वर बाया नकोत याचा अर्थ आम्हा सगळ्यांना लगेच कळला. खाली वाळू चाळायला आणि पाणी मारायला तीन जणी पुरतात. बाकीच्या घरी. आणि जी दवाखान्यात होती तिचं नाव साइटवर राहणार ते निष्काळजी बाई म्हणून. हाड जुळल्यावर तिला या ठेकेदाराकडंच नाही, पंचक्रोशीत कुणाकडंही काम मिळालं नसतं. ठेकेदार एकमेकांशी बोलतात.

मी रस्सा ढवळत बसले.

रविवारी एस. टी.नं नगरला गेले. दवाखान्यात तिच्या पायाला वजन टांगलं होतं. शेजारी तिची आई डोळे पुसत बसली होती, तिला चहा प्यायला पाठवलं.

"काय म्हंत्यात सायटीवर?" तिनं विचारलं.

"तूच फाटक उघडलंस म्हंत्यात."

"म्या? आन् तारा?"

"मुकादमानं तोडल्या. दोन्ही फाटकं जागंवर हायेत आता."

"आन् तू काय म्हनलीस?"

"काय न्हाई."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. मग म्हणाली, "आत्या, तारा बांधताना म्या खांदा दिला. मागं न बघता पाय टाकला, त्योबी माझाच. पन म्या न केलेलं माझ्या नावावर घालत्यात आन् तू गप? कोंबडं कापलं आसंल ना?"

"कापलं."

"तू खाल्लास रस्सा?"

"खाल्ला."

"चांगला झालता?"

"मीठ कमी पडलं."

ती हसली. हसताना पाय दुखला, मग मला शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. शिव्या संपल्यावर म्हणाली, "ह्यो पाय जुळला का मला परत वर जायचंय. खाली चाळनी धरून बसायला म्या तुझ्याएवढी झाले न्हाई. वर बाया नकोत म्हंतो का? मग माझ्या पोरी काय खातील, त्येचं डोकं?"

मी निघताना ती एवढंच म्हणाली, "सगळ्यांम्होरं सांग. येकट्याला न्हाई."

सोमवारी सकाळी साइटवर सगळे होते. ठेकेदार, मुकादम, तीन गवंडी, आम्ही आठ जणी, आणि इंजिनिअरही आला होता, चेहरा उतरलेला. ठेकेदार वाळूजवळ उभा राहून कुणाकुणाला खाली ठेवायचं ती नावं घेत होता. त्यातलं पहिलं माझं होतं. म्हातारी म्हणून दया.

मी म्हटलं, "थांबा ठेकेदार. नाव घ्यायच्या आधी आईका. फाटक तिनं उघडलं न्हाई. दोन्ही फाटकं तीन आठवडं वर बांधलेली हुती. तारेनं. म्या बांधली."

मुकादम पुढं झाला. "म्हातारे, तुला कळतं का काय बोलतीस?"

"कळतं. तुझ्या खिशातले तुकडे बी मला कळत्यात."

एक-दोघी हसल्या. ठेकेदार लाल झाला. "तूच बांधली ना? मग तूच जबाबदार. तू जा घरी. आत्ता."

"जाते. पन म्या बांधली आन् तुमी तीन आठवडं रोज त्येंच्याखालनं गेलात. मान वर केली आसती तर दिसली आसती. मुकादम रोज बिडी वडत बघत हुता. दोन पिंजरं ठिवताना मान कुनी हलवली? चक्कर आली म्हने! तुमच्या ह्या गवंड्याला इचारा, चाळीस वर्सांत मला कदी चक्कर आली का."

गवंडी म्हणाला, "हिला? हिला बघून आमाला येती."

या वेळी सगळेच हसले, ठेकेदार सोडून. मी इंजिनिअरकडं वळले. त्याच्यावर माझा राग नव्हता, पण त्याला सोडायचंही नव्हतं. "साहेब, तारा तुमीबी बघितल्या हुत्या. बोला."

त्यानं खोचलेला शर्ट उगाच परत खोचला. मग म्हणाला, "पाहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच. मी परत येऊन बघायला हवं होतं. मालकांना मी हे लेखी कळवणार आहे. जसं झालं तसं."

ते ऐकल्यावर ठेकेदाराचा आवाज खाली आला. पण माघार घेतली नाही. "बरं. बांधल्या हुत्या. पन बांधल्या बायांनीच ना? म्हंजे बाया वर नकोत हेच खरं. नियम कळत न्हाई ह्यांना."

"नियम कळतो," मी म्हटलं. "फाटकाला आमी कळत न्हाई. बोलवा त्या वेल्डिंगवाल्याला. म्या घरी जायच्या आधी माप देऊन जाते."

इंजिनिअरनंच फोन लावला. बाजारपेठेतला वेल्डिंगवाला मोटारसायकलवर अर्ध्या तासात आला, टेप घेऊन. तोवर आम्ही आठही जणी विटांच्या ढिगावर बसून राहिलो. कुणी ठरवलं नव्हतं. मी बसले, दुसरी बसली, मग सगळ्याच. वर गवंडी रिकामे उभे. ठेकेदार दोनदा म्हणाला, "वर चढा, आजच्या दिवस चढा." आमच्यातली एक म्हणाली, "आमाला चक्कर येती."

वेल्डिंगवाला आला तेव्हा मी चुंबळ ठेवली, फळी घेतली आणि आमच्यातल्या सगळ्यांत उंच बाईच्या डोक्यावर दहा विटा रचल्या. तिला स्लॅबवर नेऊन फाटकासमोर उभं केलं. फाटक पुरतं वर होतं. विटांचे जवळजवळ सगळे थर पट्टीच्या वर दिसत होते.

"घे माप," मी वेल्डिंगवाल्याला म्हटलं. "नुसत्या बाईचं नको. इटांसकट घे."

त्यानं टेप लावली. पावणेसात फूट भरलं. तो डोकं खाजवू लागला. "मला ठेकेदारांनी सांगितलेलं, मानूस जाईल येवढं कर."

"मग आमी कोन हाय?"

त्यानं ठेकेदाराकडं पाहिलं. म्हणाला, "म्या त्यांचंच माप धरलं हुतं." ठेकेदार आमच्याहून बुटका. हसू आवरायला बायांनी पदर तोंडात घातले. डोक्यावर विटा असलेली हसू शकत नव्हती, ती म्हणाली, "आधी ह्या उतरवा, मग हसा."

दुपारपर्यंत वेल्डिंगवाल्यानं दोन्ही बाजूंचे खांब दोन फुटांनी वाढवले आणि साखळी लांब केली. फार मोठं काम नव्हतं. पहिल्याच दिवशी कुणी एका भरलेल्या बाईला तिथून चालायला लावलं असतं तर तेव्हाच झालं असतं. मी तार उचलायच्या ऐवजी तोंड उघडलं असतं, तरी झालं असतं. हे मी कुणाच्या समजुतीसाठी लिहीत नाही. झालं ते तसं आहे.

त्या संध्याकाळी ठेकेदारानं मला पुन्हा घरी जा म्हटलं नाही, बाया वर नकोत हेही काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. मंगळवारी कामावर गेले. इंजिनिअर म्हणाला, "आजी, साखळी एकाच माणसाच्या हातात राहू द्या. तुम्हीच धरा."

मी धरली. वाहण्याचं माझं वय तसंही सरत आलं होतं. पण साखळी धरायची तर माझ्या पद्धतीनं. पिंजरा येणार म्हटलं की आधी सगळ्या बाया स्लॅबवर, मी डोकी मोजणार, मगच बाहेरचं फाटक वर. पिंजरा एकच. तो रिकामा झाला की दुसरा. विटा एका बाजूनं कोरत जायच्या नाहीत, वरून सारख्या काढायच्या. पिंजऱ्याच्या कठड्याच्या वर थर चढवायचा नाही. आणि माचीखाली जेवायला बसायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत जड गेलं. त्या साइटवर दुपारी सावली होती ती माचीखालीच. इतके दिवस आम्ही वर दीड-दोन टन विटा आणि खाली भाकरी, अशाच बसत होतो. मी खाली चारी बाजूंनी दोरी बांधली आणि सगळ्यांना बांधावरच्या लिंबाखाली पाठवलं. लिंब लांब होता.

"आत्या मुकादमीन झाली," एक म्हणाली.

"आधी तारा बांधती, आता आमाला बांधती," दुसरी म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं. "आन् ज्याला जमत न्हाई त्यानं मालकाकडं जावं."

एक दिवस हायड्रा पिंजरा घेऊन येत होती. बाहेरचं फाटक वर, आमच्या बाजूचं खाली. ठेकेदार जिन्यानं वर आला, बरोबर मंगल कार्यालयाचा मालक. ठेकेदाराला त्याला माचीवरून खालची जागा दाखवायची होती. फाटकाला हात घालून म्हणाला, "उघड गं."

"पिंजरा येतोय. थांबा."

"दोन मिनिटांचं काम हाय. मालक आलेत."

"मालक आसू द्या न्हाई तर कलेक्टर आसू द्या. बाहेरनं उघडं हाय. थांबा."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी साखळी सोडली नाही. मालकानं फाटकाकडं पाहिलं, बाहेरच्या उघड्या कडेकडं पाहिलं आणि एक पाऊल मागं घेतलं. मग ठेकेदारालाही मागं यावं लागलं. पिंजरा टेकला, हायड्रा मागं सरली, मी साखळी ओढली. बाहेरचं खाली बसलं. मग म्हटलं, "आता जावा."

काही महिन्यांनी जोडीदारीण परत आली तेव्हा दुसऱ्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला होता आणि माची वर सरकवली होती. आता ती उंच झाली होती. तिचा पाय जुळला होता, पण चालताना उजवीकडं थोडी झुकायची. दवाखान्यातला कागद घेऊन आली होती, त्यावर ओझं उचलायला हरकत नाही असं लिहिलं होतं. ठेकेदारानं कागद वाचला, तिच्या पायाकडं पाहिलं आणि म्हणाला, "तू खाली चाळनीवर बस. पाय बरा हुईस्तोवर."

ती म्हणाली, "बरा झाला म्हनून तर आले. वर जाते."

ठेकेदारानं माझ्याकडं बघितलं. मी वर साखळीपाशी गेले. ती जिना चढून आली. चढायला वेळ लागला, तिच्यामागं घमेलं घेतलेल्या दोघी थांबल्या, पण कुणी पुढं जा म्हटलं नाही.

स्लॅबवर आल्यावर ती आमच्या बाजूच्या फाटकाजवळ थांबली. फाटक वर होतं, वाट मोकळी होती, पिंजरा भरलेला होता. बाहेरचं फाटक खाली बसलेलं दिसत होतं. तरी ती पुढं जाईना. तिच्या साडीचा काठ घोट्याजवळ हलत होता. वारा नव्हता. मी साखळी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

मग ती गेली. विटांकडं नाही, सरळ बाहेरच्या फाटकाकडं. दोन्ही हातांनी त्याची वरची पट्टी धरली आणि सगळा जोर लावून हिसडा दिला. एकदा, दोनदा, तीनदा. साखळी माझ्या हातात ताणली गेली. फाटक जागचं हललं नाही. तिनं पायाशी काठाला लावलेल्या उभ्या फळीवर टाच मारून पाहिली. तीही हलली नाही. मग तिथंच, फाटकाला छाती लावून, खाली जमिनीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. खाली मुकादम मान वर करून उभा होता.

"काय बघतो रं?" ती वरून ओरडली. "चाळनी धर, रिकामी हाय."

मग पिंजऱ्याजवळ आली, चुंबळ डोक्यावर बसवली आणि मला म्हणाली, "आत्या, साखळी कुनाकडं तरी दे आन् दहा इटा भर. माझ्या डोक्यावर त्या आपल्या आपन चढनार हायेत व्हय?"

मी साखळी दुसरीच्या हातात दिली. माचीवर गेले. एक-एक करून दहा विटा तिच्या डोक्यावर रचल्या. सहाव्या विटेला विचारलं, "बास?"

"दहा म्हनले ना," ती म्हणाली.